अंबाजोगाईत दोन दिवस निवांत काढायचे असतील तर

माझी खानावळ आहे. मेडिकलला आणि इंजिनिअरिंगला शिकणारी बाहेरगावची लेकरं माझ्याकडं जेवतात. कुणी मुंबईचं असतं, कुणी कोल्हापूरचं, एखादं पार दिल्लीकडचं. नवी तुकडी आली की पहिल्याच शनिवारी रात्री ताटावर बसल्या बसल्या कुणीतरी विचारतं, "काकू, सुट्टीत इथं लोक करतात तरी काय?" विचारताना आवाज उतरलेला असतो. मग रविवारी सकाळची बस धरून ती लातूरला जातात, दिवसभर दुकानं हिंडतात आणि रात्री येतात तेव्हा जेवायचंही त्राण उरलेलं नसतं. मला वाईट वाटतं. हीच लेकरं शिक्षण संपवून गाव सोडताना माझ्या वट्ट्यावर बसून रडलेली मी पाहिली आहेत.

म्हणून त्यांना जे तोंडी सांगते ते इथं नीट लिहून काढते. पाहुणे म्हणून येणाऱ्यांनाही कामी येईल. मी मूळची जिंतूरकडची, लग्न होऊन १९९४ साली इथं आले. मलाही हे गाव कुणीतरी शिकवावंच लागलं होतं. ते आत्याबाईंनी शिकवलं. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात.

आधी एक गोष्ट पक्की करा. एका सकाळी एकच ठिकाण. दोन दिवसांत अशी दोन, बाकी संध्याकाळी गावातल्या गावात. एकदा माझी बहीण मुलाबाळांसह मुंबईहून मे महिन्यात आली होती. एवढ्या लांबून आलेत, सगळं दाखवू म्हणून मीच जीप ठरवली. सकाळी मुकुंदराजांची समाधी, तिथून परळीला वैजनाथाचं दर्शन, भरदुपारी धारूरचा किल्ला, संध्याकाळी परत येऊन गावातली योगेश्वरी देवी. किल्ल्यावर दोन वाजता सावली म्हणून सापडेना. रात्री बहिणीच्या धाकट्याला उलट्या सुरू झाल्या आणि त्याला सलाईन लावावं लागलं. पोरगं बरं झालं, पण आजही त्याला अंबाजोगाई म्हटलं की सलाईनच आठवतं. त्याचं मला अजून लागतं. तेव्हापासून माझ्या घरी आलेल्या माणसाला मी दुपारी बाराच्या पुढं घराबाहेर पडू देत नाही.

इथला दिवस उन्हावर चालतो. पहाट आणि सकाळ बाहेरची, दुपार घरातली, संध्याकाळ पुन्हा बाहेरची. एवढं धरलं की अर्धं काम झालं.

तयारी शुक्रवारी संध्याकाळी करायची. दुधाला विरजण लावा. मूठभर मटकी भिजत घाला. आणि पाण्याचं बघा. आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही, ठरलेल्या दिवशी येतो, आणि तो दिवसही मागंपुढं होतो. नळ शनिवारी पहाटे यायचा असेल तर कुणीतरी घरी थांबणार हे गृहीत धरा आणि त्यावरून चिडचिड करू नका. पाहुण्यांनी बादलीभर पाण्यात अंघोळ उरकावी, शॉवर शोधू नये. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचं मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ते दिवस इथल्या प्रत्येक बाईच्या हातात अजून आहेत. भाजी धुतलेलं पाणी ती सहज ओतून देत नाही, तुळशीला नाहीतर कढीपत्त्याला घालते. तुम्हीही तसंच करा.

तिसरं काम म्हणजे ओळखीच्या एका घरी सांगून ठेवणं. "उद्या चारनंतर चक्कर टाकतो" एवढंच सांगा. सव्वाचार, साडेचार असं घड्याळ लावून सांगितलं तर समोरची बाई पोहे करून वाट बघत बसते.

शनिवारी पहाटे मुकुंदराजला जा. गावापासून चार-पाच किलोमीटर आहे. पायी गेलात तर उत्तम, नाहीतर दोनचाकी किंवा ऑटो. उन्हाळ्यात साडेपाचला निघा, थंडीत थोडं उजाडू द्या. सपाटीवरनं चालत असता आणि एकदम बालाघाटाचा डोंगर पायाखालून खाली जातो, समोर दरी उघडते. मग पायऱ्या. उतरताना सोपं वाटतं, येताना मांड्या भरून येतात, म्हणून बूट चांगले घाला. सोबत पाण्याची बाटली आणि खिशात शेंगदाणे-गूळ. बाकी काही नको.

आद्यकवी मुकुंदराजांची समाधी इथं आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' शके १११० चा, म्हणजे इसवी सन ११८८. ज्ञानेश्वरी आली ती त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १२९० ला. आमचे मामंजी एकादशीला पायी जायचे. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण हे दोन आकडे त्यांना पाठ होते आणि नव्या माणसाला ते पायऱ्या उतरतानाच सांगायचे. समाधीपाशी गेल्यावर मात्र बोलायचे नाहीत. तुम्हीही तिथं अर्धा तास बसा. पावसाळ्यात असाल तर जवळच धबधबा कोसळत असतो, त्याचा आवाज दगडातून अंगात येतो. श्रावणात सगळी दरी हिरवी असते. मला स्वतःला मात्र माघातलं मुकुंदराज आवडतं. पानं गळलेली असतात, दगड उघडे पडलेले असतात, ऊन कोवळं असतं आणि माणूस जवळजवळ नसतं.

फोटो काढा, पण आधी बसा. आणि पावसाळ्यात ओल्या कातळावर कडेला जाऊ नका, शेवाळ दिसत नाही आणि पाय सटकला तर खाली धरायला काही नाही.

नऊच्या आत घरी या. भूक कडकडून लागलेली असते, आणि त्या भुकेला सुसला लागतो.

सुसला हा आमच्या मराठवाड्याचा नाष्टा. पोह्यांसारखा दिसतो, पण मुरमुऱ्यांचा. बाहेरगावची लेकरं पहिल्यांदा नाकं मुरडतात, ओले मुरमुरे कोण खातं म्हणतात, आणि मग ताटली पुढं करतात. चौघांना पाव किलो मुरमुरे पुरतात. सगळी गंमत भिजवण्यात आहे. मोठ्या पातेल्यात पाणी घ्या, त्यात मुरमुरे टाका, हातानं दोनदा खाली दाबा आणि लगेच मुठीमुठीनं पिळून काढा. तिथं रेंगाळलात तर लगदा होतो, घाई केलीत तर आत कोरडे राहून टाळूला टोचतात. पिळलेली मूठ उघडल्यावर मुरमुरे एकमेकांना चिकटून राहावेत आणि बोटानं हलवले की सुटावेत. ती खूण. कढईत तेल जरा सढळ घ्या, मोहरी-जिरं तडतडलं की शेंगदाणे, मग हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, भरपूर कांदा. कांदा लाल करू नका, नरम होऊ द्या. हळद घाला, मुरमुरे घाला, मीठ आणि चिमूटभर साखर. आता फुटाण्याच्या डाळीचं पीठ मूठभर आणि तेवढंच दाण्याचं कूट वरून भुरभुरा, हे दोन्ही उरलेलं पाणी शोषून घेतं आणि सुसला मोकळा होतो. झाकण ठेवून एक वाफ. वरून कोथिंबीर, लिंबू. गरमच खायचा. थंड झाला की त्याची चव निम्म्यानं उतरते, म्हणून मी लेकरं पायऱ्या चढून आली, हातपाय धुतले, की मगच कढई चढवते.

खाऊन झालं की वट्ट्यावर बसा. वट्टा म्हणजे दाराबाहेरचा ओटा. नुसतं बसायचं असतं. समोरून जाणारा माणूस विचारतो, "काय करुलालाव?" त्याला खरंखुरं उत्तर नको असतं. "काही नाही, बसलोय" म्हटलं की तो थांबतो आणि पुढं बोलणं सुरू होतं. मुंबईकडची लेकरं या प्रश्नानं सुरुवातीला बावचळतात, दिसतंय की बसलोय म्हणून, मग हा का विचारतो. तो तुमची दखल घेतोय, एवढंच. तुम्हीही विचारायला शिका.

दुपारचं जेवण साडेअकरा-बारापर्यंत. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, वरण, कांदा, शेंगदाण्याची चटणी, रात्री लावलेलं दही. भाकरीबद्दल मात्र थोडं सांगू द्या, तीस वर्षं तेच केलंय. ज्वारी मालदांडी असावी आणि पीठ आठवड्याच्या आतलं. जुन्या पिठाची भाकरी थापताना कडेनं तडे जातात. तव्यावरनं काढून निखाऱ्यावर किंवा जाळावर धरल्यावर ती टम्म फुगते आणि वरचा पापुद्रा वेगळा होतो. ताटात पडली की आधी तो पापुद्रा उचला, त्यावर थोडं तेल-चटणी घाला आणि नुसता खा. मगच बाकीची भाकरी वरणात चुरा. चमचा मागू नका. हातानं चुरल्याशिवाय भाकरीत वरण जिरत नाही.

दुपारी झोपायचं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. खिडक्या लावा, कूलरमध्ये पाणी घाला, फोन लांब ठेवा. एक ते चारच्या दरम्यान कुणाची कडी वाजवायची नाही, कितीही जवळचं घर असलं तरी.

चारला उठून चहा घेतला की कालचं सांगून ठेवलेलं घर. चपला बाहेर काढा. "चहा नको" म्हणू नका, त्यानं मन मोडतं. दोन घरं आधीच झाली असतील तर "अर्धाच टाका" म्हणा, ते चालतं. म्हातारी माणसं घरात असतील तर आधी त्यांच्याजवळ जाऊन बसा, ती खाटेवर असतील तर पायथ्याशी नाही, बाजूला. ती विचारतात कुठले, कुणाचे, किती भावंडं. सांगा. पाच मिनिटांत तुमच्या गावाचा कुणीतरी माणूस त्यांच्या ओळखीचा निघतो. उठताना बायकांना हळद-कुंकू लावल्याशिवाय सोडत नाहीत, तेवढी दोन मिनिटं धरून चला.

सहाच्या सुमाराला देवीकडं. शनिवारची संध्याकाळ बरी. मंगळवारी, शुक्रवारी गर्दी असते आणि नवरात्रात तर विचारूच नका. योगेश्वरीचा उत्सव वर्षातून दोनदा असतो, एक सगळ्यांचं अश्विनातलं नवरात्र आणि दुसरं मार्गशीर्षातलं, पौर्णिमेपर्यंतचं. त्या दिवसांत यायचं असेल तर ते वेगळं सुख आहे, पण त्याला निवांतपणा म्हणता यायचा नाही. कोकणातल्या कितीतरी घरांची ही कुलदेवी. कोकणापासून इतक्या लांब ती कशी, असं लेकरं विचारतात. त्याची गोष्ट आत्याबाई सांगायच्या. देवीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं. वऱ्हाड कोकणातून निघालं, वाटेत उशीर झाला, मुहूर्त टळला. लग्न मोडलं, वऱ्हाडी जागच्या जागी दगड झाले आणि देवी इथंच राहिली, कुमारिका. परळी इथून अवघी पंचवीस किलोमीटर. आत्याबाई या ठिकाणी थांबायच्या आणि म्हणायच्या, "एवढ्याशासाठी, बघ." मी ही गोष्ट शेकडो वेळा ऐकली, पण त्या वाक्याला दर वेळी माझा घसा दाटायचा. दर्शन झालं की लगेच बाहेर पडू नका. मंदिराच्या आवारात भिंतीला टेकून बसा. तिन्हीसांजेला दगड दिवसभराचं ऊन परत देत असतो, पाठ शेकून निघते.

परतताना जुन्या गावातून या, मुख्य रस्त्यानं नाही. गल्ल्या अरुंद आहेत, घरांचे जुने लाकडी दरवाजे अजून आहेत. दासोपंतांचं थोरलं देवघर याच भागात. दासोपंत सोळाव्या शतकातले, दत्तभक्त. त्यांची 'पासोडी' प्रसिद्ध आहे. पासोडी म्हणजे खादीचं जाड, लांबच लांब पांघरूण, आणि त्यावर त्यांनी पंचीकरण हा आख्खा ग्रंथ आपल्या हातानं लिहून काढला. कागद मिळत असताना कापडावर का लिहिलं असेल, हा विचार मी भाकरी थापताना पुष्कळदा केला आहे. पांघरूण अंगावर घेतल्यावर शब्दही अंगावर यावेत, असं काहीतरी त्यांच्या मनात असेल, असं मला वाटतं. पासोडी बघायची असेल तर तसंच दारात जाऊन उभं राहू नका, आधी विचारून घ्या. ते देवघर आहे, लोक तिथं पूजा करतात.

मेडिकलच्या लेकरांना मी याच रस्त्यावर आणखी एक सांगते. तुमच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आहे ना, ते हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते, पण त्याआधी याच गावात शिक्षक होते. तेव्हा गावाला मोमिनाबाद म्हणायचे. जुन्या कागदपत्रांवर अजून तेच नाव सापडतं.

रविवारी जरा उशिरा उठलं तरी चालतं. पण हत्तीखाना बघायचा असेल तर आठपर्यंत पोचा, तोवर आत सावली असते. जयंती नदीच्या काठी खडक कोरून केलेली ही शिवलेणी. कुणी हत्तीखाना म्हणतं, कुणी जोगाईचा मांडव. देवीच्या लग्नासाठी घातलेला मांडव तो हाच, असं मानतात. म्हणून मी लेकरांना आधी शनिवारी देवीची गोष्ट सांगते आणि मग रविवारी इथं पाठवते. उलटं केलं तर नुसते दगडी हत्ती दिसतात. हत्ती मोठे आहेत, चौकात उभे आहेत, मधल्या मंडपात नंदी आहे, आतल्या खांबांपाशी अंधार आणि गारवा. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना हत्तींच्या पायाशी खेळू द्या, चढू मात्र देऊ नका. मी इथं एकटी जाते तेव्हा नंदीच्या बाजूला बसते आणि आठवड्याचा हिशेब मनातल्या मनात लावते. घरी कधीच लागत नाही, इथं लागतो.

तिथून येताना मंडई. यादी करून जाऊ नका. जे ताजं दिसेल ते घ्या आणि विकणारीलाच विचारा कसं करायचं. चाकवत, घोळ, पाथरीची भाजी, या पालेभाज्या मला अशाच मंडईत बसलेल्या मावश्यांनी शिकवल्या. घासाघीस करा, पण एकदाच. दुसऱ्यांदा ताणलं की मावशी तोंड फिरवते आणि पुढच्या रविवारी ओळख देत नाही.

रविवारची दुपार कशी घालवायची हे महिन्यावर आहे. आश्विन-कार्तिकात बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं येतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण ते लेबल लावून मिळत नाही, टोपल्यात मिळतं. डोळे मोठे झालेले आणि खाचांमध्ये पिवळसर पडलेलं फळ निवडा, ज्वारीत खुपसून ठेवा, दोन दिवसांत पिकतं. म्हणजे येताच घ्यायचं, जाताना खायचं. नोव्हेंबरच्या शेवटी आलात तर यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह चुकवू नका. गाण्याची बैठक असते, कविसंमेलन असतं आणि शेतकऱ्यांसाठीही कार्यक्रम असतो. आमच्यासारखी माणसं रात्री शाल घेऊन जातात आणि शेवटच्या भैरवीपर्यंत बसतात.

आणि डिसेंबर अखेरीपासून पुढं, जानेवारीभर, हुरडा. या दिवसांत आलात तर बाकी सगळं सोडलं तरी चालेल, पण हुरडा सोडू नका. हॉटेलात नाही, कुणाच्या तरी रानात. आमचं रान नाही, पण आमच्या ह्यांच्या मित्राचं आहे, आणि असं रान इथं प्रत्येकाला असतं, स्वतःचं नाहीतर मित्राचं. जाताना रिकाम्या हातानं जायचं नाही. घरून चटण्या करून न्यायच्या. लसणाची एक, तिळाची एक, शेंगदाण्याची एक. गूळ, दही, आणि सोबत बोरं मिळाली तर बोरं.

रानात हातभर खड्डा केलेला असतो, ती आगटी. त्यात गोवऱ्या पेटवतात आणि जाळ बसून नुसता विस्तव राहीपर्यंत थांबतात. इथं पाहुण्यांचा धीर सुटतो. जाळ असताना कणसं घातली की वरनं करपतात आणि आत दाणा कच्चा राहतो. विस्तव राखेनं पांढरा दिसायला लागला की हिरवी कणसं राखेत खुपसतात, दांडे बाहेर. दांडा धरून फिरवत राहायचं. दाणा आतून शिजतो तसा वास बदलतो, आधी ओल्या गवताचा, मग दुधाचा, मग भाजल्याचा. त्या तिसऱ्या वासाला कणीस काढायचं. चोळणारा माणूस ते तसंच गरम तळहातावर घेतो आणि दोन्ही हातांनी चोळतो. दाणे खाली पाटीत पडतात, कूस उडते. ती फुंकून काढावी लागते, घशात गेली तर खोकला थांबत नाही. माझ्या हाताला रोजच्या तव्याची सवय आहे, तरी पहिलं कणीस चोळताना तळवा पोळला होता. मित्राच्या आबांनी हात बघितला आणि म्हणाले, "माय, जोर नको लावू, फिरव." खरंच तसं आहे. दाबायचं नसतं, फिरवायचं असतं. सुरती हुरडा मऊ, गूळभेंडी गोड, दोन्ही असतील तर आधी सुरती. पहिली मूठ नुसती खा, दुसरी चटणीबरोबर, तिसरी गुळाबरोबर. पोट भरलंय असं वाटायच्या आधी थांबा, कारण हुरडा पोटात जाऊन जड होतो. वरून ताक प्या आणि बाभळीखाली आडवे व्हा.

आगटीभोवती गोल करून बसलेलं असताना माणसं जे बोलतात ते एरवी बोलत नाहीत. हात कामात असतात, डोळे विस्तवाकडं असतात. घरात कधी न निघालेली गोष्ट तिथं सहज निघते. माझ्याकडं जेवणाऱ्या एका मुलानं पहिल्या वर्षी परीक्षा गेल्याचं सहा महिने घरी सांगितलं नव्हतं. ते त्यानं आधी मला सांगितलं, आगटीपाशी, कणीस फिरवता फिरवता. परत आल्यावर त्यानं वट्ट्यावर बसूनच आईला फोन लावला.

लातूरकडं कुणी ओळखीचं असेल आणि वेळा अमावस्या जवळ असेल, तर ते बोलावतील तेव्हा नक्की जा. त्या दिवशी अख्खं गाव रानात जेवतं. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. एकदा जेवलात की दर वर्षी तारीख बघाल.

उन्हाळ्यात आलात तर हुरडा नाही, पण गच्ची आहे. संध्याकाळी गच्चीवर थोडं पाणी शिंपडतात, ते वाळलं की गाद्या पडतात. माठ वर नेऊन ठेवा. शेजारच्या गच्चीवरची माणसंही आडवी झालेली असतात आणि कठड्यावरून बोलणं चालू राहतं, हळूहळू एकेक आवाज कमी होत जातो.

रविवारी संध्याकाळी खानावळ बंद. ही सगळ्याच खानावळींची रीत आहे. लेकरं त्या दिवशी गाड्यावर भजे खातात. खा, पण तेल ताजं असलेल्या गाड्यावर, आणि सोबत तळलेली मिरची मागून घ्या. कांद्याचे भजे कागदावर आल्यावर लगेच तोंडात टाकू नका, एक फोडून वाफ जाऊ द्या. ज्यांना भजे नको असतात ती माझ्याकडं येतात. चूल बंद असली तरी सकाळची भाकरी असते, दही असतं, कांदा असतो, आणि माझे पाय वट्ट्यावर पसरलेले असतात. त्या वेळी मी वाढत नाही. ज्यानं त्यानं आत जाऊन घ्यायचं. नवीन मुलं आधी लाजतात. ज्या रविवारी एखादं न विचारता आत जाऊन स्वतःची ताटली घेऊन येतं, त्या दिवशी ते इथलं झालं असं मी समजते.

शेवटचं राहिलं ते डब्याचं. दोन दिवसांत कुणीतरी तुम्हाला डबा देणारच, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, काहीतरी. तो धुऊन परत करायचा, पण रिकामा नाही. स्वयंपाक येत नसेल तर मंडईतली चार लिंबं टाका, मूठभर फुटाणे टाका, साखर टाकली तरी चालते. माझ्याकडं एक स्टीलचा डबा आहे. आठ वर्षांपूर्वी इथून शिकून गेलेल्या एका मुलीकडं तो चुकून गेला होता. मागच्या दिवाळीत ती आली तेव्हा तो घेऊन आली, आत तिनं स्वतः केलेल्या करंज्या होत्या. आता मी तो पुन्हा भरून ठेवला आहे, ती संक्रांतीला येणार आहे म्हणाली.